पॅलेडियमचं नाणं लक्ष्मी रोडवर विकायला गेलो तेव्हा

घेताना काही वाटत नाही हो, विकताना कळतं. ऑक्टोबर 2022 मध्ये पुतण्या कॅनडाहून यायचा होता, त्याला पॅलेडियमचं (चांदीसारखा दिसणारा महाग धातू) मेपल लीफ, म्हणजे कॅनडाच्या सरकारी टांकसाळीचं नाणं, आणायला सांगितलं. एक औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम, आपल्या हिशोबात पावणेतीन तोळ्याला जरा कमीच. त्याने एअरपोर्टवर डिक्लेअर करून ड्युटी भरली. त्याच वर्षी मार्चमध्ये भाव औंसाला 3,400 डॉलरच्या वर जाऊन आलेला (जगातला साधारण 40 टक्के माल रशियाचा, त्यात युद्ध), मी घेतलं तेव्हा 2,000 च्या आसपास, म्हटलं स्वस्तात मिळतंय. पेट्रोल गाडीचा धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये हाच धातू असतो, त्यामुळे वाकडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी मी खूश. मग त्याच ट्रॅफिकमध्ये हिरव्या नंबरप्लेटच्या इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या (त्यांना कन्व्हर्टर लागतच नाही), कंपन्याही पॅलेडियमऐवजी प्लॅटिनम टाकायला लागल्या, आणि ऑगस्ट 2024 ला मला पैसे लागले तेव्हा भाव हजाराच्या आत.

लक्ष्मी रोडवर पहिल्या सराफाच्या दुकानात, "काका, बाहेरची चांदी आम्ही घेत नाही." चांदी नाहीये म्हटलं तर माझ्याकडेच संशयाने बघितलं. दुसऱ्याने मशीनवर लावायचं म्हणून सीलबंद पाकीट कापलं आणि मी येड्यासारखा कापू दिलं, ते करू नका, सील गेलं की ते नाणं राहत नाही, नुसता धातूचा तुकडा होतो. मशीनने पॅलेडियम 99.9 दाखवलं, तरी मालक म्हणाला रेट कशावरून लावू? हॉलमार्क सोन्या-चांदीला असतो, याला नाही, आणि आमच्याकडे याचं गिऱ्हाईकच नाही. तिसऱ्याने चाळीस हजार सांगितले, चहा मात्र पाजला.

शेवटी सोन्या मारुती चौकाजवळ एक जुने कारागीर भेटले. हातात घेऊन म्हणाले, हे आमच्या मुशीत वितळायचं नाही, सोनं 1,064 डिग्रीला पाणी होतं, याला 1,555 लागतात. पण व्हाइट गोल्ड पांढरं करायला हेच मिसळतात, तर तसा माल बनवणाऱ्याकडे जा. त्यांनीच फोन लावून दिला. तिथे पुन्हा तपासणी, पॅन, आधार, पुतण्याचं बिल आणि ती ड्युटीची पावती (ती नसती तर दारातही उभं केलं नसतं), मग त्या दिवसाच्या डॉलर भावातून पंधरा टक्के कापून अडुसष्ट हजार, दोन दिवसांनी एनईएफटीने. बायकोला अजून अडुसष्टच सांगितलेत, घेतलं कितीला ते नाही.