नवस भावाचा, पाय माझे

नवस भावाचा होता. आईने सप्तशृंगीला बोललेला: पोराचं दुखणं थांबू दे, चैत्रात तो गडावर पायी येईल. दुखणं थांबलं नाही. तो सिकलसेलचा आहे, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा. तपासणीनंतर अशा रुग्णाला लाल कार्ड मिळतं, ते त्याच्याकडे आहे, आणि उन्हात इतकं चालणं त्याला झेपणारं नाही. म्हणून यंदा धुळ्याहून मी निघाले.

लळिंगचा घाट आम्ही अंधारातच चढलो. उजाडल्यावर हायवेवर जागोजाग लोक ताक, पन्हं, केळी घेऊन उभे, "ल्या माय, ल्या" म्हणत आग्रह करणारे. तरी आमच्यातल्या कितीतरी बाया नुसते ओठ ओले करत होत्या. कारण कुणी बोलत नाही, पण प्रत्येकीला ठाऊक असतं. दोन्ही बाजूंना गहू काढून झालेली उघडी शेतं, आडोसा कुठेच नाही. तहान मारली की पुढची अडचणच येत नाही.

आर्वीजवळ निंबाखाली विसावलो, तेव्हा शहाद्याकडची चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी गुडघे पोटाशी घेऊन कण्हायला लागली. कुणी म्हणालं, पायात गोळे आले. एक आजी म्हणाल्या, अंगात येतंय. मी तिची पापणी खाली ओढून पाहिली. हळदीचं बोट फिरवल्यासारखा डोळा.

"कावीळ शे," आमच्यातले जिभाऊ म्हणाले. "उतरवनारा मना वळखीना शे."

माझ्या पोटात कालवलं. आमच्या घरी तीन वर्षं भावाची कावीळ अशीच उतरवली. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळायचा, चुन्याच्या निवळीत हात धुवायचे, परातीतलं पाणी पिवळं झालं की सगळ्यांचा जीव भांड्यात. साल आणि चुना एकत्र आले की कुणाच्याही हाताने पाणी पिवळं होतं, हे तेव्हा कोण सांगणार? त्याच्या डोळ्यातलं पिवळेपण फुटणाऱ्या रक्तपेशींचं होतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, याची 10 ते 20 दिवसांत फुटते. विळ्यासारखी वाकडी होऊन बारीक नसांत अडकते, तिथेच कळ उठते. अंगातलं पाणी आटलं की हे जास्तच होतं. शेवटी शाळेतल्या तपासणीत त्याच्या रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात पडला आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेषा दिसेनाशा झाल्या. मोठ्या तपासणीने मग नक्की झालं.

मुलीच्या आईला विचारलं, "मावशी, हिचं लाल कार्ड आहे का?"

तिने माझं मनगट घट्ट धरलं. "हळू बोल वं बहीण. मोठीनं लगीन जमाडानं शे."

कार्ड होतं. पिशवीच्या तळाशी, देवीच्या ओटीच्या खणात गुंडाळलेलं.

तिचा राग आला नाही मला. माझं स्वतःचं कार्ड पिवळं आहे. आजार मला नाही, मी वाहक आहे. ते दाखवल्यावर एक स्थळ उठून गेलं. दुसऱ्या मुलाने मात्र रक्त तपासून घेतलं, त्याचं कार्ड पांढरं निघालं, म्हणजे ना आजार ना वाहक, तोच माझा नवरा. मावशीला तेच सांगितलं. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका लाल कार्डाचा, म्हणून मोठीचं रक्त लग्नाआधी तपासा, लपवू नका. तिने मान हलवली नाही, पण हात सोडलाही नाही.

मुलीला घोटाघोटाने पाणी पाजलं, अंगावर सावली धरली आणि जिभाऊंनीच गाडी थांबवून दोघींना धुळ्याच्या दवाखान्यात धाडलं. खिडकीतून मावशी म्हणाली, "मन्हा नारळ तू चढाव."

दुसऱ्या दिवशी झोडग्याच्या पुढे, फटफटायच्या आत, आम्ही चौघी रस्त्यापासून थोडं आत शेतात गेलो आणि दोन लुगडी ताणून चौकोन केला. आधी कुणी येईना. मग कालच्या त्या आजी आल्या. त्यांच्या मागून दोघी आल्या, मग रांगच लागली. पुढच्या ताकाच्या मांडवाशी आजींनी दोन ग्लास घेतले आणि उभ्याउभ्याच संपवले.