मसाज थेरपिस्ट होताना: हात लावण्याआधीचं काम

या कामात येऊ पाहणारी मंडळी चौकशीला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोर्स कोणता करू? प्रश्न रास्त आहे, पण कोर्सबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार थोडं आहे. मी ज्या गोष्टींमुळे या व्यवसायात टिकले, त्यांतल्या बहुतेक क्लायंटला हात लावायच्या आधी घडतात, काही तो कपडे करून निघून गेल्यावर. त्यामुळे त्यांच्याबद्दलच जास्त लिहिते.

कोर्स निवडताना मी एवढंच पाहिलं होतं की शरीररचनेला किती तास दिलेत आणि शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली खऱ्या माणसांवर किती सराव करायला मिळतो. बाकी जाहिरातीतलं वाचलं आणि सोडून दिलं. मूळ हालचाली मोजक्याच असतात: लांब सरकता हात, मळणं, घर्षण, थापट्या, कंपन. त्यांची एफ्लुराज, पेट्रिसाज, टॅपोटमेंट ही फ्रेंच नावं रूढ करण्याचं श्रेय १९व्या शतकातले डच डॉक्टर योहान मेझगर यांना दिलं जातं. ‘स्वीडिश मसाज’ मात्र पेर हेन्रिक लिंग यांच्या नावावर जमा आहे. लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोममध्ये संस्था काढली ती मुख्यतः व्यायामाची. परीक्षेत हे विचारतात म्हणून पाठ केलं होतं; क्लायंटने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

हालचाली बऱ्यापैकी लवकर हातात बसतात. वेळ खातं ते चाचपणं. आमच्या मॅडम एक जुना सराव करून घ्यायच्या. टेबलावर एक केस ठेवायचा, त्यावर कागद, आणि डोळे मिटून बोटांनी केस शोधायचा. सापडला की वर आणखी एक कागद, मग आणखी एक. सुरुवातीला सगळे जोर लावून दाबायचे आणि जितकं दाबू तितका केस हरवायचा. बोट हलकं ठेवलं की सापडायचा. मानेच्या बाजूला, ट्रॅपेझियस या मान-पाठीवरच्या मोठ्या स्नायूखालून जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू मला असाच सापडला, आणि ‘मान आखडलीय’ म्हणणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेमकं कुठे जायचं ते कळायला लागलं.

कुठे जायचं नाही, हेही तिथेच पक्कं झालं. मानेचा पुढचा भाग, जिथे कॅरोटिड धमनी असते, काख, जांघ, गुडघ्याची मागची खळगी, आणि पाठीवर शेवटच्या बरगड्यांपाशी, मूत्रपिंडांवर, थापट्या. या जागा आल्या की आजही माझा हात आपोआप हलका होतो किंवा वळसा घालतो.

आता प्रश्नांबद्दल. पहिल्या भेटीत फॉर्म भरून घेणं सगळीकडे असतं, पण बहुतेक ठिकाणी तो भरतात आणि फाईलला लावतात. मी तो समोर बसून मोठ्याने वाचते, कारण लोक ‘काही नाही’ लिहून मोकळे होतात. ‘काही आजार आहे का?’ याला उत्तर ‘नाही’. ‘रोज कोणत्या गोळ्या घेता?’ असं विचारलं की हळूहळू यादी निघते: रक्तदाबाची एक, साखरेची एक, आणि ‘ती रक्त पातळ व्हायची, ती तर कायमचीच आहे’. ही शेवटची गोळी मला सगळ्यात आधी कळायला हवी असते, कारण त्या माणसाच्या अंगावर जोरकस दाबाने काळेनिळे डाग उमटू शकतात. मग शस्त्रक्रिया, गरोदरपण, त्वचेवरचं काही, ताप. तेलाचीही चौकशी करते. बदामाचं तेल अनेकांना आवडतं, पण सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला ते लावायचं नाही, आणि हे स्वतःहून कोणी सांगत नाही.

एकदा लांबचा प्रवास करून आलेले एक गृहस्थ ‘पाय दुखतोय, पोटरी जरा जोरात रगडून द्या’ म्हणत आले. दुखत होती ती एकच पोटरी. दुसरीपेक्षा उघड सुजलेली होती आणि हाताला गरम लागत होती. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर ती अशी दिसू शकते, आणि तशा पोटरीवर मसाज केला तर गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाण्याचा धोका असतो. गुठळी आहे की नाही हे मी ठरवू शकत नाही, ते माझं कामही नाही. मी त्यांना म्हटलं, “मी आज तुम्हाला हात लावणार नाही. तुम्ही इथून थेट डॉक्टरांकडे जा, उद्यावर ढकलू नका.” ते चिडले. एवढ्या लांबून आलोय, नुसती पोटरी तर चोळायचीय, तुम्ही लोक उगाच घाबरवता, असं बरंच ऐकवून गेले. पुन्हा आले नाहीत. पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही. ‘नाही’ म्हटल्यावर आभार मानणारी माणसं मला या व्यवसायात क्वचितच भेटली आहेत, आणि नव्या मुलींना मी हे आधीच सांगून ठेवते.

संमतीचंही असंच. फॉर्मखाली सही घेतली म्हणजे संपूर्ण तासाची परवानगी मिळाली, असं नसतं. पालथं झोपलेल्या, चष्मा काढून ठेवलेल्या, अंगावर फक्त चादर असलेल्या माणसाच्या डोक्याशी मी उभी असते. अशा वेळी ‘नको’ म्हणणं त्याला जड जातं. म्हणून नितंबाचे स्नायू, पोट, छातीचा वरचा भाग अशा ठिकाणी जायचं असेल तर मी ते आधी, तो माणूस बसलेला आणि कपड्यात असतानाच बोलून घेते: कुठे, कशासाठी, आणि नको असेल तर त्याऐवजी काय करता येईल. टेबलावर पुन्हा एकदा विचारते. जेवढ्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. चादर सफाईने दुमडायला शिकण्यात मी जितका वेळ घालवला, तितका कुठल्याही एका हालचालीवर घालवलेला नाही.

दाबाबद्दल ‘कसं वाटतंय?’ असं विचारून उपयोग नसतो. उत्तर ‘छान’ हेच येतं, दातओठ खाऊन दिलेलं असलं तरी. मी १ ते १० मध्ये आकडा विचारते आणि ७ च्या वर जाऊ देत नाही. शिवाय पायाची बोटं आवळली, श्वास रोखला, खांदा कानाकडे सरकला, की आकडा काहीही सांगितलेला असो, मी हात हलका करते.

मग तो विषय, जो कोर्समध्ये अर्ध्या तासात उरकतात. तुम्ही मसाज थेरपिस्ट असाल, विशेषतः बाई असाल, तर आडून आडून चौकशी करणारे फोन येणारच. ‘फुल सर्व्हिस आहे का?’, ‘तुम्ही स्वतःच करता का?’ आधी मी अंग चोरून काहीतरी पुटपुटायचे. नंतर एकच वाक्य तयार केलं: “इथे फक्त उपचारासाठीचा मसाज होतो, आणि वेळ ठरवण्याआधी तुम्हाला आरोग्याचा फॉर्म भरावा लागेल.” बहुतेक फोन तिथेच बंद होतात. टेबलावर कोणी मर्यादा ओलांडली तर काय करायचं याचाही क्रम ठरलेला आहे: हात बाजूला, एक पाऊल मागे, “मी सत्र इथे थांबवते आहे, तुम्ही कपडे करा” एवढंच, आणि खोलीबाहेर. वाद घालायचा नाही, कारणं द्यायची नाहीत. त्याच दिवशी लिहून ठेवायचं. हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव केलेला बरा. ऐनवेळी शब्द फुटत नाहीत.

या बाबतीत मला धीर मिळाला तो एका जुन्या घटनेतून. १८९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने लंडनमधल्या संशयास्पद मसाजगृहांविरुद्ध लिहिलं आणि या कामाचं नाव पार बदनाम झालं. त्याच वर्षी रोझालिंड पॅजेट, लूसी रॉबिन्सन, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या परिचारिका-सुईणींनी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ स्थापन केली. त्यांचे नियम आज वाचताना कडक वाटतात: डॉक्टरांच्या सूचनेशिवाय मसाज नाही, पुरुषांना सर्वांगाचा मसाज नाही (डॉक्टरांनी खास सांगितलं तर अपवाद), वैद्यकीय नियतकालिकांखेरीज जाहिरात नाही, रुग्णांना औषधं विकणं नाही. पुढे १९२० मध्ये या संघटनेला राजसनद मिळाली आणि १९४४ मध्ये तिचं नाव ‘चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी’ झालं. म्हणजे आज ज्या फिजिओथेरपीकडे लोक आदराने पाहतात, तिच्या एका शाखेचं मूळ बदनामीला कंटाळलेल्या मसाज करणाऱ्या बायकांत आहे. त्यांचे सगळे नियम मी पाळत नाही. पण औषधं न विकण्याचा नियम मी जसाच्या तसा उचलला आहे. तेलं, गोळ्या, चुंबकाचे पट्टे घेऊन कमिशनवाले येत असतात. त्यांना दारातूनच परत पाठवते.

बोलण्याला लगाम घालणं मात्र मला सगळ्यात जड गेलं. मसाजच्या खोलीत वर्षानुवर्षं चालत आलेली काही वाक्यं असतात: मसाजने शरीरातली विषद्रव्यं निघून जातात, स्नायूत साठलेलं लॅक्टिक अ‍ॅसिड बाहेर पडतं, म्हणून नंतर भरपूर पाणी प्या. ऐकायला गोड आणि क्लायंटला आवडणारी. पण व्यायामानंतर रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक अ‍ॅसिडचं रक्तातलं रूप) मसाज न करताही तासा-दीड तासात पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं त्यामुळे नसतंच. विषद्रव्यं काढायला यकृत आणि मूत्रपिंडं समर्थ आहेत. मग मी काय सांगते? कंबरदुखीला काही काळ आराम पडू शकतो, व्यायामानंतरचं दुखणं थोडं कमी वाटू शकतं, मन शांत होतं, झोप चांगली लागते असं बरेच जण सांगतात. एवढंच. ‘सायटिका आहे का हो?’ विचारलं तर “निदान मी करत नाही, पण डॉक्टरांना दाखवताना हे हे सांगा” म्हणते. यामुळे काही क्लायंट गेले, मोठमोठे दावे करणाऱ्यांकडे. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट मात्र माझ्याकडे माणसं पाठवू लागले, कारण त्यांच्या निदानावर मी वर आपलं काही ठोकून देत नाही.

नोंदी हा कंटाळवाणा भाग आहे, पण डॉक्टरांशी बोलताना त्याच कामाला येतात. प्रत्येक सत्रानंतर चार ओळी: क्लायंट काय म्हणाला, मला काय दिसलं आणि हाताला काय लागलं, त्यावरून काय वाटतं, पुढे काय करायचं. ‘खांद्यात गाठ होती, काढली’ असली नोंद कोणाच्याच उपयोगाची नाही. ‘उजवा हात कानापर्यंत जात नव्हता, सत्रानंतर गेला, वेदना ६ वरून ३’ ही आहे.

शरीराची गोष्ट राहिली. या कामात आधी झिजतो तो अंगठा. खोल दाबासाठी सतत अंगठा वापरणाऱ्या माझ्या बरोबरच्या काहींनी अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या सांध्यापायी काम सोडलं. मी खोल दाब कोपराच्या खालच्या हाताने आणि मुठीने देते, मनगट सरळ ठेवते, आणि ताकद खांद्यातून न काढता पुढचा पाय वाकवून शरीराचं वजन टाकते. टेबल उंच असेल तर हे जमत नाही. हात सैल सोडून उभं राहिल्यावर बोटांची पेरं टेबलाला लागतील इतपत उंची मला मानवते. दोन क्लायंटमध्ये पंधरा-वीस मिनिटं सोडतेच. त्यात चादर बदलणं, हात धुणं, नोंद, आणि जरा बसणं.

चादरीवरून आठवलं, कारण हे कोणी शिकवत नाही: तेलाळलेल्या चादरी नीट धुतल्या गेल्या नाहीत आणि ड्रायरमधून गरमागरम काढून तशाच ढिगात ठेवल्या, तर उरलेलं तेल तापत जाऊन त्या स्वतःहून पेट घेऊ शकतात. गरम पाणी, पुरेसा साबण, आणि थंड झाल्यावरच घडी.

सध्या मी कर्करोगातून गेलेल्या लोकांसाठीच्या मसाजचं प्रशिक्षण घेते आहे. आम्ही शिकलो तेव्हा कर्करोग म्हटलं की सरसकट ‘हात लावायचा नाही’, कारण मसाजने तो पसरतो अशी समजूत होती. आता ती मागे पडली आहे. डॉक्टरांच्या परवानगीने, दाब खूप हलका ठेवून, गाठीच्या आणि किरणोपचाराच्या जागा टाळून, काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताकडे विशेष लक्ष देऊन काम करता येतं. त्यासाठी फॉर्ममध्ये नवे प्रश्न घालावे लागणार आहेत: कोणते उपचार झाले, केव्हा संपले, रक्तपेशींची संख्या किती आहे, पोर्ट (शिरेतून औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवतात ते छोटं उपकरण) बसवलाय का, रोग हाडांत पोचलाय का. मसुदा दोन डॉक्टरांना वाचायला दिला आहे. एकांनी अर्धे प्रश्न खोडले, दुसऱ्यांनी आणखी तीन वाढवले, आणि आता त्यातून पानभरात बसेल असं काहीतरी काढायचं आहे.