थंडीत पिकअप सुरू होत नसेल, तर आधी धूर पाहा

निफाडचा पारा पाच अंशांवर उतरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंद दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते आणि द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. मी त्याच तालुक्यात वाढलो. गेली सहा वर्षे मी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, एडमंटनजवळ राहतो, आणि इथे जानेवारीत पारा उणे 30 अंशांच्या खाली गेला तरी त्याची कुणी बातमी करत नाही. कामासाठी माझ्याकडे आठ सिलिंडरची जुनी डिझेल पिकअप आहे.

गेल्या जानेवारीत ती सकाळी त्रास देऊ लागली. सेल्फ जोरात फिरे, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येई, त्या धुराने डोळे चुरचुरत, आणि तिसऱ्या-चौथ्या सेल्फला इंजिन मिसिंग करत, थरथरत कसेबसे चालू होई. एका गॅरेजमध्ये सगळे इंजेक्टर बदलण्याचा सल्ला मिळाला. मला तो पटला नाही, कारण दिवसभर चाललेली हीच गाडी दुपारी किल्ली फिरवताच सुरू होत होती, आणि इंजेक्टरमधून डिझेल गळत असते तर गरम इंजिननेही बहुधा तक्रार केली असती.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेने डिझेल आपोआप पेटते. मात्र त्यासाठी 200 अंशांहून अधिक तापमान लागते, आणि गोठलेले लोखंड त्या हवेतील उष्णता शोषून घेते. म्हणून सेल्फ मारताना पांढरा धूर दिसला, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही, असा त्याचा अर्थ होतो. धूर मुळीच आला नाही, तर डिझेलच पोहोचत नाही. ही एक खूण नीट पाहिली, तर निम्मे सुटे भाग विनाकारण बदलण्यापासून वाचतात, असे माझे ठाम मत आहे.

पांढरा धूर पाहून मी आधी बॅटरी तपासली. कडक थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, त्यात ऑइल घट्ट झालेले असते, आणि सेल्फ संथ फिरला तर हवा पुरेशी तापतच नाही. सेल्फ चालू असताना व्होल्टेज 9.6 च्या खाली जाऊ नये. माझ्याकडे ते 10.2 वर थांबले, म्हणजे बॅटरी निर्दोष होती. पुढची रात्र मी ब्लॉक हीटर लावून ठेवला. इथल्या बहुतेक गाड्यांच्या जाळीतून एक विजेची वायर बाहेर लोंबत असते, ती भिंतीवरच्या प्लगला जोडली की आतले शीतकाचे पाणी गरम राहते. त्या सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली, आणि कमतरता फक्त उष्णतेचीच आहे हे नक्की झाले.

मग राहिले ग्लो प्लग, म्हणजे सुरू होताना सिलिंडरमधली हवा तापवणारे विजेचे प्लग, ज्यांना आपल्याकडे हीटर प्लग म्हणतात. प्रत्येक प्लगची वायर काढून मीटरचे एक टोक प्लगला आणि दुसरे इंजिनच्या अर्थला लावले. सहा प्लगांनी एक ओहमच्या आसपास रीडिंग दिले, दोघांनी काहीच दिले नाही, म्हणजे त्यांची तार आतून तुटलेली होती. ते दोन बदलले. इंजिन कोमट असताना, गंजावरचे तेल मुरू देऊन, पाना अगदी सावकाश फिरवून काढले, कारण जुना प्लग हेडमध्येच तुटला तर हेड उतरवावे लागते. तरीही सकाळी थोडे मिसिंग राहिलेच. तेव्हा मी उलट बाजूने, म्हणजे वायरच्या टोकाला करंट येतो का, ते पाहिले, तर एका टोकाला करंट नव्हताच. रबरी टोपी सोलून पाहिली, तर आत हिरवट-पांढरी पूड साचलेली होती. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी टाकतात त्या मिठाने पितळ खाल्ले होते. प्लग चांगला होता, पण त्याच्यापर्यंत वीजच येत नव्हती. म्हणून प्लग आणि वायर या दोन्ही बाजू तपासल्याशिवाय काम झाले असे मानू नये.

हे सारे आठवले ते तात्यांच्या फोनमुळे. निफाडहून सकाळी सहाला त्यांनी व्हिडिओ कॉल केला तेव्हा माझ्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. पिकअपमध्ये लाल कांदा भरलेला, पिंपळगावच्या लिलावाला निघायचे, आणि गाडी सुरू होईना. मी म्हणालो, "तात्या, फोन सायलेन्सरपाशी धरा आणि सेल्फ मारायला सांगा." सेल्फ चांगला दहा सेकंद फिरला, पण धुराची रेघसुद्धा दिसली नाही. म्हणजे हीटर प्लगकडे बघण्याचे कारणच नव्हते.

तिथली थंडी डिझेल थिजवण्याइतकी नाही. इथे हिवाळ्यासाठी वेगळे डिझेल मिळते, कारण साध्या डिझेलमधले मेण बाटलीतल्या खोबरेलासारखे गोठते आणि फिल्टर तुंबवते. तात्यांच्या गाडीत मला हवेचा संशय आला. थंडीने रबर आकसते, फिल्टरच्या वॉशरमधून हवा शिरते, आणि रात्रभरात नळीतले डिझेल टाकीकडे परत जाते. मी त्यांना त्या रात्री गाडी खळ्याच्या उतारावर, तोंड खाली करून लावायला सांगितले, म्हणजे टाकी वर राहून डिझेल मागे जाणार नाही. दुसऱ्या दिवशी ती लगेच सुरू झाली. मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवली, तर इंजिन चालू असताना त्यातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जाताना स्पष्ट दिसले.

एक गोष्ट मात्र तात्यांना मी बजावून सांगितली: आगीचे उपाय करू नका. एअर फिल्टरपाशी पेटता बोळा धरून इंजिन सुरू करताना मी लहानपणी पाहिले आहे, आणि इथे लोक त्याच हेतूने ईथर या चटकन पेटणाऱ्या द्रवाचा फवारा मारतात. तापलेल्या हीटर प्लगवर ईथर गेले, तर ते वेळेआधीच पेटून पिस्टन फोडू शकते.

वॉशर आणि नळीची क्लिप बदलून, हातपंपाने एअर काढल्यावर गाडी सपाट जागेवरूनही पहिल्या सेल्फला सुरू होऊ लागली. पारदर्शक नळी तात्यांनी अजून काढलेली नाही. रोज सकाळी बॉनेट उघडून ते तिच्यात बुडबुडा दिसतो का, ते पाहतात.