उत्तरेचा धुरा जांभळा झाला

मागच्या नोंदीत हरणांच्या शिकारीसाठी ज्या क्वार्टरचं (म्हणजे मोजणीतल्या चौकोनी जमिनीच्या तुकड्याचं) मी एवढं कौतुक केलं होतं, तिचा अर्धा बेत शनिवारी दुपारी पाण्यात गेला. उत्तरेच्या कुंपणाच्या खांबांवर ताजा जांभळा रंग. बोट लावलं तर अजून किंचित चिकट. कॅन्सासात या रंगाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको: लेखी परवानगीशिवाय शिकारीला आत पाऊल टाकायचं नाही. उत्तरेकडच्या वावराच्या ज्या आजोबांच्या तोंडी होकारावर मी दोन हंगाम त्या धुऱ्याने (बांधाने, पुणेकरांसाठी) आत शिरत होतो, त्यांनी वावर विकलं. नव्या मालकाने ते बाहेरचे शिकारी आणणाऱ्या एका धंदेवाल्याला भाड्याने दिलंय. फोन केला. माणूस गोड बोलला आणि नाही म्हणाला. त्याचंही बरोबर आहे, पण जिवावर आलं. राज्यातली 98 टक्के जमीन खासगी असली की एका डब्यातल्या रंगाने माणसाचा अख्खा हंगाम फिरतो.

आता 3 डिसेंबरला रायफलचा हंगाम उघडेल तेव्हा आत कसं शिरायचं, हा एकच प्रश्न डोक्यात आहे.

क्वार्टर 160 एकरांची, म्हणजे अर्धा मैल बाय अर्धा मैल. दक्षिणेला खडीचा रस्ता, तिथेच वॉक-इनची (खासगी जमीन, पण शिकारीला सगळ्यांसाठी खुली) पाटी आणि गाडी लावायची जागा. मधोमध घळ, घळीत रानटी प्लमची जाळी, आणि त्या जाळीत दिवसभर हरणं बसतात. संध्याकाळी उठून उत्तरेकडच्या मायलोच्या धसकटात चरायला जातात. (मायलो म्हणजे आपली ज्वारीच. अकोल्याहून इतक्या लांब येऊन शेवटी ज्वारीच्या धुऱ्यावरच बसायचं होतं.) आणि इथला नेहमीचा वारा दक्षिणेचा. म्हणजे गाडीचं दार उघडलं की माझा वास माझ्याआधी जाळीत पोचणार.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. रविवारी म्हातारी (वाऱ्यावर तरंगणारं कापसासारखं बी) उडवून पाहिली. मिल्कवीडच्या वाळलेल्या शेंगा रस्त्याकडेच्या खंदकात हव्या तेवढ्या मिळतात; आपल्या रुईच्याच कुळातलं झाड. वारा बघायची पावडरची बाटली मी कधीच टाकून दिली. पावडर हातभर अंतरावर विरते, म्हातारी दुर्बिणीत शंभर पावलं दिसत राहते. पाटीपाशी सोडलेल्या पाचांपैकी तीन सरळ घळीच्या तोंडाशी गेल्या. चौथी मधेच थबकली, खाली बसली आणि घळीतून सरपटत जाळीकडे निघाली. ऊन कललं होतं, गार हवा उताराने खाली वाहायला लागली होती. हे पावडरने कधीच कळलं नसतं. पाचवी माझ्या दाढीत.

मग बेत ठरला तो असा: थंडीची लाट येऊन वारा वायव्येचा झाला की त्या दिवशी सुट्टी टाकायची आणि दक्षिणेकडूनच शिरायचं. पण रायफलचा हंगाम बारा दिवसांचा, आणि लाट आमच्या मॅनेजरला विचारून येत नाही.

पूर्वेच्या धुऱ्याने जायचं तर तो उघड्या उंचवट्यावर आहे. केशरी जॅकेट हरणाला आपल्यासारखं भडक दिसत नाही, पण आभाळाच्या रेषेवर चालणारा माणूस चांगला दिसतो.

हे लिहिता लिहिताच नकाशा पुन्हा उघडला. हे ॲप म्हणजे खिशातला सातबारा. वर्षाचे पैसे जास्त वाटतात, तरी मी भरतो. आणि थांबा. पूर्वेची हद्द ही सेक्शनचीही (चार क्वार्टरांच्या मोठ्या चौकोनाचीही) हद्द आहे. तिथे एक पुसट मातीचा रस्ता दाखवलाय, आणि तो उंचवट्याच्या पलीकडे, खाली आहे! त्याच्यावरून चालत गेलो तर जाळीतून माझी टोपीसुद्धा दिसणार नाही. ईशान्य कोपऱ्यात चढून बसायचं. दक्षिणेचा वारा माझा वास उत्तरेला त्या जांभळ्या वावरात नेईल, जाळी राहील नैर्ऋत्येला. म्हणजे वायव्येच्या वाऱ्याची वाट बघायचीच नाही. उलट नेहमीचाच वारा हवा. दोन वर्षं हा रस्ता माझ्या नजरेसमोर होता.

अडचण एवढीच की असे बरेच रस्ते काउंटीने कधीच बंद करून शेजारच्या मालकाला देऊन टाकलेत, आणि ॲपवर ते तसेच राहतात. सोमवारी काउंटीच्या ऑफिसात फोन करणार. रस्ता चालू निघाला तरी ओल्या मातीत गाडी घालणार नाही. पायीच.

बाकी खबर चांगली. माझ्या .270 रायफलच्या शंभर यार्डांवर तीन गोळ्या सव्वा इंचात. स्वस्त गोळ्यांची पेटी भावाला देऊन टाकली, त्या दोन इंचांच्या आत यायला तयारच नव्हत्या. घडीचं स्टूल करकरतंय, त्याला मेण लावलं. रविवारी अंधार पडता पडता जाळीतून पाच डो (माद्या) निघाल्या आणि त्यांच्यामागे, बऱ्याच अंतराने, मान खाली घालून एक बक (नर). शिंगं मोजण्याइतका उजेड नव्हता.

म्हाताऱ्या औषधाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवल्यात. दोन गाडीत सुटल्या आहेत आणि त्यावरून घरात बोलणी खाऊन झालीत.