२००० पॉइंटांची फौज, सात किलोंची बॅग

वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर छोट्या रंगवलेल्या मॉडेलांनी खेळायच्या युद्धखेळाच्या मोठ्या स्पर्धेला निघायचं तर तिकिटाच्या आधी दोन आकडे जुळवावे लागतात. स्पर्धेचा आकडा २००० पॉइंट, म्हणजे फौजेतल्या सगळ्यांच्या ठरलेल्या किमतींची बेरीज. विमान कंपनीचा बहुतेक वेळा सात किलो, कारण फौज सामानघरात टाकायची नाही हे आमचं पहिलं तत्त्व. बॅग हरवली तर कपडे दुसरे मिळतात, रंगवलेली फौज मिळत नाही.

खाली जे लिहिलंय ते वॉरहॅमर ४०,०००च्या दहाव्या आवृत्तीला धरून, म्हणजे २०२३पासूनच्या नियमांप्रमाणे. लास वेगास ओपन, लंडन ग्रँड टुर्नामेंट अशा मोठ्या ठिकाणी खेळ बदलला तरी प्रवासाचं गणित फारसं बदलत नाही.

हा प्रवास निघायच्या सहा आठवडे आधी सुरू होतो. त्या दिवशी आम्ही लिस्ट, म्हणजे फौजेत काय काय असेल त्याची यादी, गोठवतो. स्पर्धेची लिस्ट जमा करायची तारीख आणि 'या तारखेपर्यंत आलेलेच नियम धरले जातील' ही तारीख बहुधा वेगळी असते, आणि घोळ नेमका या दोन तारखांच्या मधे होतो. तेवढ्यात पॉइंट बदलले आणि लिस्ट २०१०वर गेली, तर दहा पॉइंटांसाठी अख्खं युनिट (एकत्र खेळणारी तुकडी) काढावं लागतं. म्हणून पंधरा-वीस पॉइंटांची एखादी एन्हान्समेंट (नायकाला जोडायची जादा ताकद) अशी ठेवायची की ती काढली तरी खेळण्याची पद्धत बदलत नाही. पॉइंट वाढले की तीच जाते.

लिस्ट गोठली की तीच घेऊन निदान दहा सामने. दर सामन्यानंतर एक युनिट बदलत राहणाऱ्याचे दहा सामने हे एकाच लिस्टचे दहा नसतात, दहा लिस्टींचे एकेक असतात. यातले तीन सामने एकाच दिवशी, लागोपाठ, स्पर्धेच्या वेळेप्रमाणे. तिसऱ्या सामन्याच्या चौथ्या राउंडला डोकं कसं चालतं (किंवा चालत नाही) ते घरीच कळलेलं बरं.

सरावाचं टेबल ६० बाय ४४ इंच. टेरेन (टेबलावरच्या इमारती, भिंती) नसेल तर पुठ्ठा चालतो. स्पर्धेने दिलेल्या नकाशातल्या पडक्या इमारतींचे चौथरे त्याच मापाने कापायचे आणि कोपऱ्यापासून मोजून टेपने चिकटवायचे. भिंतींसाठी पाच इंच उंचीच्या पट्ट्या पुरतात. याचा खरा उपयोग रणगाडेवाल्यांना. पायदळ भिंतीतून आरपार जातं, वाहन जात नाही. दोन इमारतींमधली फट पाच इंच आणि गाडी बाजूच्या तोफांसकट साडेपाच, हे पहिल्याच सामन्यात कळलं तर गाडी दोन राउंड मागेच अडकते. प्रत्येक नकाशावर आपली सगळ्यात रुंद गाडी कुठून जाते आणि कुठे अडते, हे आम्ही पेन्सिलने खुणा करून ठेवतो.

आता घड्याळ. स्पर्धेत फाशांनी हरवलेले खेळाडू पुष्कळ भेटतात, पण त्यांचा सामना नीट विचारला तर निम्मे वेळेने हरलेले निघतात. सामन्याचे तीन तास म्हणजे १८० मिनिटं. ओळख, लिस्टची देवाणघेवाण आणि मांडणी यात वीस जातात. उरली १६०, म्हणजे वाट्याला ८०, आणि राउंड पाच, प्रत्येकात दोघांची एकेक टर्न. एका टर्नला सोळा मिनिटं. पण पहिल्या दोन टर्नना फौज पूर्ण असते, तेव्हा त्या बावीस-बावीस खातात आणि शेवटच्या तिघींना मिळून छत्तीस उरतात. हे चालतं, कारण तोवर टेबल रिकामं झालेलं असतं.

१२० मॉडेलांची पायदळी फौज असेल तर हिशोब बघा. एक मॉडेल उचलून, मोजून, ठेवायला पाच सेकंद धरले तरी नुसतं हलवण्यात दहा मिनिटं गेली. गोळीबार, चार्ज (शत्रूवर धावून जाणं), लढाई सगळं उरलेल्या सहात. यावर दोनच उपाय. मूव्हमेंट ट्रे (अनेक मॉडेलं एकदम सरकवायचे) वापरायचे, किंवा पुढची रांग मोजून ठेवायची आणि मागची मंडळी प्रतिस्पर्ध्याला सांगून अंदाजाने मागे आणायची. 'सगळे सहा इंचांच्या आतच हलतायत, पुढचे मोजलेत, चालेल?' एवढं वाक्य पुरतं. नाही म्हणणारा क्वचितच भेटतो. मात्र सात किंवा जास्त मॉडेलांच्या युनिटमध्ये प्रत्येकाच्या दोन इंचांत आणखी दोन जण हवेत, हा नियम घाईत हमखास मोडतो. लांब शेपटीच्या टोकाचं मॉडेल एकाच शेजाऱ्याला धरून उभं राहतं. शेवटचे तीन त्रिकोणात ठेवायची हाताला सवय लावायची, म्हणजे विचार करावा लागत नाही.

बुद्धिबळाचं घड्याळ घरीच वापरायला शिकायचं. टर्न कोणाची यापेक्षा निर्णय कोण घेतंय त्यावर ते चालतं. समोरचा सेव्हचे (आपली मॉडेलं वाचवायचे) फासे टाकण्यापूर्वी कोणतं मॉडेल आधी मरू द्यायचं याचा विचार करत बसला, तर बटण दाबायचं, आणि त्यात उद्धटपणा काही नाही. वेळ संपलेल्या खेळाडूला बहुतेक स्पर्धांमध्ये सेव्ह टाकणं आणि गुण मोजणं एवढंच करता येतं. बाकी तो बघत बसतो.

पाठ करायचे आकडे थोडेच आहेत. राखीव (सुरुवातीला टेबलाबाहेर ठेवलेलं) युनिट शत्रूपासून नऊ इंचांपेक्षा जास्त अंतरावर उतरतं, म्हणजे चार्जला दोन फाशांवर नऊ हवेत. ३६ पैकी १० शक्यता, साधारण २८ टक्के. एक कमांड पॉइंट (खास चालींसाठी मिळणारा) खर्चून पुन्हा टाकलं तर ४८. म्हणजे पुन्हा टाकूनही नाणेफेकीपेक्षा कमी. आठ हवे असतील तर ४२ टक्के, सात हवे असतील तर ५८. ज्या बेताचा पाया नऊच्या चार्जवर आहे तो बेत नव्हे, नवस आहे.

गुणांचं गणित असं की १००पैकी ५० प्रायमरीचे (मुख्य उद्दिष्ट), ४० सेकंडरीचे (दुय्यम उद्दिष्टं) आणि १० रंगवलेल्या फौजेचे. न रंगवलेली फौज घेऊन गेलात तर पहिला फासा पडण्याआधीच दहाने मागे. अनेक मोठ्या स्पर्धांमध्ये तशी फौज टेबलावर येऊच देत नाहीत. बेस (मॉडेलखालची बैठक) उघडा ठेवलेला असेल तर तोही अपुराच धरतात.

रंगावरून व्हार्निश. निघायच्या किमान तीन दिवस आधी ते मारून झालेलं असावं. वर वर कोरडं वाटणारं व्हार्निश आतून मऊ असतं. फोममध्ये दाबून ठेवलं की फोमची जाळी रंगावर उमटते, ती निघत नाही. दमट हवेत मॅट स्प्रे मारला तर पांढरं धुकं चढतं, म्हणून पावसाळी दिवसांत आम्ही ब्रशने मारायचं व्हार्निश घेतो. वेळ लागतो, पण धोका नाही.

फोम की मॅग्नेट हा वाद आमच्यापुरता मिटलाय. मॅग्नेट, म्हणजे बेसखाली चुंबकाची चकती लावून मॉडेलं डब्यातल्या लोखंडी पत्र्यावर उभी करायची. फोममधून चाळीस मॉडेलं काढायला आणि परत ठेवायला प्रत्येक सामन्याला वीस मिनिटं जातात, शिवाय भाले-झेंडे अडकून मोडतात ते वेगळंच. पण मॅग्नेट लावताना एक चूक सगळे करतात. चकती बेसच्या खोबणीत वर चिकटवतात. बेसची कड आणि चकती यांत अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी पकड बरीच कमी होते. आमची पद्धत उलटी. लोखंडी पत्र्यावर बेकिंग पेपर, पेपरावर सहा बाय दोन मिलिमीटरची चकती. बेसच्या पोटात दोन भागांची इपॉक्सी पुटी भरायची आणि बेस चकतीवर सरळ खाली दाबायचा. चकती आपोआप कडेच्या पातळीत बसते. रात्रभर हलवायचं नाही. सकाळी पेपर सोलून काढला की झालं. २५ ते ३२ मिलिमीटरच्या बेसला एक चकती, ४०च्याला दोन, ९०-१००च्या वाहनाला चार, कडेला. मग पत्रा उलटा धरून दहा सेकंद हलवायचा. जे पडलं ते विमानातही पडणार होतं.

वजन इथेच वाढतं. ए-फोर मापाचा अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा साधारण २४५ ग्रॅम भरतो. डब्याचे चार मजले म्हणजे जवळपास एक किलो, नुसत्या पत्र्याचा. ०.३ मिलिमीटरचा घेतला तर दीडशेच्या आत येतो, पण तो मधे झोळ देतो आणि पकडतोही कमी. तडजोड अशी की जड वाहनांच्या मजल्याला जाड, पायदळाला पातळ.

विमानतळावर एक्स-रेत हे पत्रे काळे दिसतात आणि बॅग उघडायला लावतात. लावणारच, असं धरून चला. मजले एकेक करून सरकवून काढता येतील असा डबा हवा, आणि काढायचं काम 'मी काढून दाखवतो' म्हणत आपणच करायचं. अनोळखी हात मॉडेल धरतो तो नेहमी तलवारीलाच. पातं आणि हँड ड्रिलची टोकं सामानघरातल्या बॅगेत, पॉवर बँक मात्र स्वतःजवळच. स्प्रेचे डबे आणि प्लास्टिक सिमेंट कुठेच न्यायचे नाहीत, दोन्ही ज्वलनशील. १२ मिलिलिटरच्या दोन-तीन रंगांच्या डब्या आणि सुपरग्लूच्या तीन ग्रॅमच्या दोन नळ्या द्रवांच्या पिशवीत. नळ्या दोन, कारण पहिली उघडली की तिचं तोंड दुसऱ्या दिवशी बंद झालेलं असतं.

दुरुस्तीच्या पुडीत आणखी चिमटा, एक मिलिमीटरची तार, चार सुट्या चकत्या आणि बेसच्या कडेचा रंग. कडेचा रंग सगळ्यात जास्त लागतो. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवाल्यांनी जास्तीचे हात आणि शस्त्रं न्यावीत. रेझिन वाकत नाही, तुटतं. सुपरग्लूचा सांधाही ठिसूळच, म्हणून बारीक सांध्यात तार घातल्याशिवाय तो दुसरा दिवस बघत नाही.

मुक्कामाला एक दिवस आधी पोचायचं. खोलीत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे डबा उघडून लिस्टप्रमाणे मोजणी. तुटलेलं रात्रीच चिकटवलं तर सकाळपर्यंत घट्ट होतं.

फासे सोळाऐवजी बारा मिलिमीटरचे, एकाच रंगाचे चाळीस, आणि सार्जंटच्या वेगळ्या शस्त्रासाठी दुसऱ्या रंगाचे सहा. चिन्हवाले फासे टाळाच. कुणाचं चिन्ह सहाच्या जागी, कुणाचं एकच्या, आणि समोरच्याला प्रत्येक वेळी विचारावं लागतं. तिरका थांबलेला फासा पुन्हा टाकायचा हे आधीच ठरवायचं, फासा पडल्यावर नाही. टेप आहेच, पण एक, तीन, सहा आणि नऊ इंचांच्या अॅक्रिलिकच्या पट्ट्या असल्या तर कितीतरी वेळ वाचतो. तीनची पट्टी ऑब्जेक्टिव्हसाठी (मार्करने दाखवलेली, ताब्यात घ्यायची जागा), कारण ताबा मार्करच्या कडेपासून तीन इंचांत धरला जातो. मधोमध मोजणारे नेहमी भेटतात.

जोड्या स्विस पद्धतीने लागतात, जिंकलेल्याला जिंकलेला. प्रत्येक फेरीत अपराजित निम्मे होतात, म्हणजे ३२ जणांत एकच अपराजित उरायला पाच फेऱ्या, २५६ जणांत आठ. म्हणून मोठ्या स्पर्धा दोन-तीन दिवस चालतात. पहिला सामना हरलात तर दुसऱ्यात समोर हरलेलाच असतो, तेव्हा तिथे चिडून खेळण्यात अर्थ नाही. एकाच निकालावर असलेल्यांत गुण बघतात, त्यामुळे हरतानाही सेकंडरीचे पाच-सहा गुण सोडायचे नाहीत.

प्रत्येक टेबल सोडताना मोजणी. घाईत मॉडेल राहतं ते पडक्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, भिंतीच्या आड, कारण वरून बघणाऱ्याला ते दिसत नाही. फेरी संपल्याची घोषणा झाली की आम्ही आधी सगळे मजले बोटाने चाचपतो, मग आपले फासे मोजून घेतो. चाळीसचे एकोणचाळीस झाले असतील तर तो बहुधा प्रतिस्पर्ध्याच्या ट्रेमध्ये असतो, आणि तोही तेव्हा त्याचे मोजतच असतो.