बँकॉकमध्ये हॉटेल घेताना आधी शेवटचे पाचशे मीटर बघा

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी मला विचारलं की बँकॉकला आईबाबांना घेऊन चाललोय, हॉटेल कुठल्या एरियात घेऊ आणि एअरपोर्टवरून कसं जाऊ. तिघींना मी लांबलचक व्हॉइस नोट पाठवल्या, म्हणून आता एकदाच सगळं इथे लिहून ठेवते.

आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो २०१८ मध्ये. तेव्हा हॉटेल निवडलं ते फोटो बघून, रूफटॉपवर स्विमिंग पूल, नाश्ता फुकट, आणि खाली लिहिलेलं 'बीटीएस स्टेशनपासून ५ मिनिटं'. बीटीएस म्हणजे तिथली शहरात वरून धावणारी ट्रेन. आणि ती पाच मिनिटं गाडीने होती. सुखुमवित हा तिथला मोठा लांबच लांब रस्ता आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या गल्ल्या म्हणजे सोई, एका बाजूला विषम नंबर, दुसऱ्या बाजूला सम. आणि हे नंबर समोरासमोर जुळत नाहीत हं, फ्रॉम फाँग स्टेशनच्या एका बाजूला सोई २४ आहे आणि समोर थेट सोई ३९. आमचं हॉटेल अशाच एका सोईच्या पार टोकाला, आत एक किलोमीटरच्या वर. फुटपाथ मध्येच संपायचा, मग विजेचा खांब, मग सूप विकणाऱ्याची गाडी, मग परत फुटपाथ. भर दुपारी बॅग ओढत चाललो आणि माझ्या बॅगेचं एक चाक तिथेच निखळलं. आम्ही तिशीतले होतो म्हणून निभावलं, पण तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं की इथे कधी आईबाबांना आणलं तर असलं हॉटेल अजिबात घ्यायचं नाही.

त्यांना आणायचा योग आला २०२५ च्या जानेवारीत. आई, बाबा, मी आणि नवरा. आईचे गुडघे दुखतात, ती पूर्ण शाकाहारी, आणि बाबांना रोज सकाळी फिरायला मोकळी जागा लागते. तेव्हा मी हॉटेलांची यादी काढायच्या आधी मॅप उघडला, आणि एकेका स्टेशनच्या दारातून हॉटेलच्या दारापर्यंत स्ट्रीट व्ह्यूवर बोटाने चालत गेले. फुटपाथ आहे का, रस्ता ओलांडायला पूल चढावा लागतो का, स्टेशनला लिफ्ट आहे का आणि ती नेमकी कुठल्या बाजूला आहे. बीटीएसचं हे नीट लक्षात ठेवा, स्टेशन सगळी वर आहेत आणि प्रत्येक एक्झिटला लिफ्ट नसते, काही ठिकाणी नुसता जिना. गुडघेदुखीवाल्या माणसाला चुकीच्या एक्झिटने उतरवलंत तर हॉटेल कितीही जवळ असून काही उपयोग नाही.

असं करत करत आम्ही प्रातुनाम नावाचा भाग पक्का केला. बरेच लोक म्हणतात तिथे नको, गर्दी असते, कपड्यांचं होलसेल मार्केट आहे. गर्दी असते हे खरंय. पण आमच्यासाठी तीच जागा बरोबर होती. एक तर जेवण, आजूबाजूला भारतीय हॉटेलं बरीच, त्यामुळे आईला रात्री वरणभात नाही तरी डाळभात रोज मिळाला. दुसरं म्हणजे तिथून चिट लोम या बीटीएस स्टेशनपर्यंत वरून जाणारा स्कायवॉक आहे, खाली कितीही ट्रॅफिक असू दे, वरून आरामात चालत जायचं. त्याच रस्त्याला सेंट्रलवर्ल्ड मॉल, आणि मॉलच्या बाहेर एक त्रिमूर्तीचं स्थान आणि शेजारी गणपती! आईला मी हे आधी सांगितलंच नव्हतं. झेंडूच्या माळा, उदबत्त्या, ऑफिसला चाललेल्या मुली चप्पल काढून हात जोडतायत. आई तिथे जी उभी राहिली ती हलेचना, आणि मग रोज सकाळी बाबांचं फिरणं आणि आईचा गणपती असं एकत्रच व्हायला लागलं. तसंच पुढे चौकात एरावनचं ब्रह्मदेवाचं स्थान आहे, १९५६ सालचं, तेही चालत. आपल्याकडे ब्रह्मदेवाचं देऊळ शोधायला पुष्करला जावं लागतं, म्हणून बाबांना त्याचं फार अप्रूप.

आता एअरपोर्टचं. भारतातून बरीच विमानं सुवर्णभूमीला उतरतात, बोर्डवर इंग्रजीत सुवर्णभूमीच दिसतं पण थाई लोक म्हणतात सुवन्नाफूम, टॅक्सीवाल्याशी बोलताना उपयोगी पडतं. तुमचं तिकीट दॉन म्वांगचं असेल तर तो पूर्ण वेगळा एअरपोर्ट, शहराच्या उत्तरेला, तिथून रेड लाईन ट्रेन आणि ए १, ए २ अशा बस आहेत, आणि मी खाली जे लिहितेय ते त्याला लागू नाही. हॉटेल बुक करायच्या आधी तिकिटावर कुठला एअरपोर्ट आहे ते बघा, प्लीज.

आमचं विमान पहाटे पाचच्या सुमाराला उतरलं, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. इमिग्रेशनच्या रांगेत सव्वा तास गेला. (१ मे २०२५ पासून थायलंडला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते फुकट आहे, जी साईट पैसे मागेल ती सरळ बंद करा.) बाहेर आलात की तुम्ही दुसऱ्या मजल्यावर असता आणि तिथेच लोक पाट्या घेऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करत येतात. त्यांच्याकडे थांबू नका. मीटरच्या टॅक्सी खाली पहिल्या मजल्यावर, तिथे मशीनमधून चिठ्ठी निघते, चिठ्ठीवर लेनचा नंबर, त्या लेनमध्ये तुमची गाडी उभी. ती चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका, तिच्यावर गाडीची माहिती असते, काही विसरलं तर तीच कामाला येते. मीटर ३५ बाटपासून (बाट म्हणजे तिथलं चलन) सुरू होतो, वर एअरपोर्टचे ५० बाट, आणि एक्स्प्रेसवेने गेलात तर टोल तुमचा. २०१८ ला आमच्या ड्रायव्हरने अर्ध्या वाटेत मीटर बंद करून ठरीव रक्कम मागितली होती, म्हणून आता मी गाडीत बसल्या बसल्या 'मीटर?' असं विचारते, नाही म्हणाला तर उतरायचं.

आणखी एक, टॅक्सीच्या डिकीत बरेचदा गॅसची टाकी असते, आपल्या मुंबईच्या टॅक्सीसारखीच, त्यामुळे चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या गाडीत बसत नाहीत. मोठ्या गाडीची वेगळी लेन असते, तिकडे जा.

आम्ही मात्र ट्रेन घेतली. वयस्कर माणसांना ट्रेनने कशाला नेतेस असं मला मावशीने फोनवर बजावलं होतं, पण सकाळी सात म्हणजे शहरात शिरणाऱ्या ट्रॅफिकची ऐन वेळ, टॅक्सीत दीड तास बसणं आईच्या गुडघ्यांना जास्त त्रासाचं. एअरपोर्ट रेल लिंक बिल्डिंगच्या तळघरातूनच सुटते, एकूण आठ स्टेशन, सकाळी साडेपाच ते मध्यरात्री. सुवर्णभूमीहूनच सुटत असल्यामुळे गाडी रिकामी लागते आणि सगळ्यांना बसायला मिळतं, पुढे लाट क्राबांगपासून ऑफिसवाले चढतात आणि मग मुंगीलाही जागा नसते. त्यामुळे बॅगा पायाशी घट्ट धरून दाराजवळच्या सीटवर बसा म्हणजे उतरताना धक्के नाहीत. आम्ही उतरलो रात्चप्रारोपला, शेवटून दुसरं. माणशी ४० बाट, चौघांचे १६०, तेव्हाच्या भावाने चारशे रुपये, आणि साधारण अर्धा तास. शेवटचं फाया थायला ४५ बाट लागतात, बीटीएस तिथे मिळते, पण तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं. रात्चप्रारोप हे थाई स्पेलिंगमध्ये खरं तर राजप्रारभ असं लिहितात, हे कळल्यावर बाबांनी पुढचे पाच दिवस प्रत्येक स्टेशनचं नाव संस्कृतात सोडवायचा नाद लावून घेतला.

स्टेशनच्या लिफ्टने खाली, मग रेल्वेचं फाटक, फाटक ओलांडून सरळ फुटपाथ, सहा मिनिटं. मी स्ट्रीट व्ह्यूवर बघून ठेवलेली केळी तळणाऱ्या बाईंची गाडी खरंच त्याच कोपऱ्यावर होती. आई न थांबता चालली.

खोली दुपारी दोनला मिळते, ही पहाटेच्या विमानाची मोठी अडचण. मी आठवडाभर आधी मेल करून आमची विमानाची वेळ कळवली होती, आई ६८ वर्षांची आहे हेही लिहिलं होतं, त्यांनी वचन दिलं नाही पण साडेनऊला एक खोली उघडून दिली, तोवर बॅगा त्यांच्याकडे. तब्येत नाजूक असेल तर सरळ आदल्या रात्रीपासून बुकिंग करा, पैसे जातात पण पाठ टेकायला मिळते. आमच्या हॉटेलने खोलीमागे हजार बाट डिपॉझिट घेतलं, निघताना परत दिलं, तेवढी कॅश वेगळी ठेवा. आणि हॉटेलचं नाव पत्ता थाई लिपीत छापलेलं कार्ड रिसेप्शनवर मागून प्रत्येकाच्या खिशात एकेक द्या, बाबा सकाळी एकटे फिरायला जायचे तेव्हा मला त्याचा फार आधार वाटला.

खाण्याचं अजून एक, पिवळ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी १७ सारखं दिसणारं अक्षर दिसलं तर ते 'जे' जेवण, मांसमासे अंडी काही नाही, कांदालसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्यांना उपयोगी.

परतीला विमान रात्रीचं होतं. संध्याकाळी टॅक्सी नको म्हणून पुन्हा तीच ट्रेन, तेच फाटक. इमिग्रेशनच्या पलीकडे समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, वासुकीला एकीकडून देव, दुसरीकडून असुर ओढतायत. बाबा त्याच्याभोवती दोन चकरा मारून आले, मग आईला घेऊन परत गेले, आणि बोर्डिंगची घोषणा झाली तरी दोघं तिथेच एकेकाचं तोंड निरखत उभे होते.