पत्ते नाहीत, तरी हरला
आज दुपारी जेवण झाल्यावर मोबाईलवर १९१६ सालचा एक जुना मूकपट पाहिला, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. बर्ट विल्यम्स नावाचा कृष्णवर्णीय विनोदी नट. शेवटी तो तुरुंगाच्या कोठडीत एकटाच बसलेला असतो आणि पोकर खेळायला लागतो. हातात पत्ते नाहीत, समोर माणसं नाहीत, तरी तो पत्ते पिसतो, सगळ्यांना वाटतो, एकेकाच्या तोंडाकडे संशयाने बघतो, हळूच आपला डाव उघडून खूश होतो, पैसे लावतो.. आणि हरतो! तो चेहरा पडतो ना, ते खरंच बघायला हवं.

हाच प्रवेश तो स्टेजवरही करायचा. १९१० मध्ये त्याला झिगफेल्ड या निर्मात्याच्या 'फॉलीज'मध्ये घेतलं, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या नाटकांच्या भागातला तेव्हाचा सगळ्यात झगमगीत शो, बाकी सगळे गोरे, आणि काही नटांनी कृष्णवर्णीय माणसासोबत काम करायला विरोध केला म्हणे. पण तो टिकला, वर्षानुवर्षं स्टार राहिला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते म्हणजे हा माणूस मुळात उजळ रंगाचा, तरी प्रेक्षकांना तसलाच 'काळा' हवा म्हणून जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून उभा राहायचा. १९२२ मध्ये डेट्रॉइटला प्रयोग चालू असतानाच कोसळला आणि थोड्याच दिवसात गेला, पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती.

संध्याकाळी लेकीला दाखवला, ती खळखळून हसली, मग विचारलं, बाबा याने तोंडाला काय लावलंय? बराच वेळ बसून सांगितलं तिला.